साहेब चारला येतील

खिडकीपलीकडून आवाज आला, "साहेब चारला येतील."
तेव्हा साडेअकरा वाजले होते.
मी रीतीप्रमाणे कपाळाला हात लावला,
बाकावरच्या बायांनी चुकचुक केलं,
आणि जयस्तंभाचा उतार लागेस्तोवर
माझ्या चपलांना कळून चुकलं
की आज आपल्याला कोणी बोलावलेलं नाही.

गावात पाणंदीला पाय लागला
की गडग्यामागून येतंच, "कुठं गो?"
दळणाला. दवाखान्यात. तेराव्याला.
एकेका उत्तराची एकेक पिशवी.
आज पिशवी आहे,
उत्तर घरी राहिलंय.

राम आळीत एक माणूस खिळे तोलत होता.
पाव किलो. काटा झुकला. दोन परत काढले.
मग एक पुन्हा टाकला.
मी ते शेवटपर्यंत बघितलं.
घड्याळवाल्याच्या काचेत सतरा घड्याळं, सतरा वेळा;
सगळ्यांत मागं पडलेलं एक होतं, बारीक पट्ट्याचं,
ते मी माझं धरून चालले.

तेलीआळीत भट्टीचा वास अंगावर आला.
दोन नानकटाया घेतल्या आणि चालता चालता खाल्ल्या.
बाईमाणसानं, भर रस्त्यात, चालता चालता!
दुसरी खरं तर सासूबाईंच्या नावाची होती,
वरून बघत असतील तर त्यांनाही मिळावी म्हणून.
कोपऱ्यापर्यंत वाट पाहिली,
मग तीही मीच खाल्ली.
पदरावरचा भुगा झाडला नाही.

पुढं एका बोळात चुकले.
चुकले म्हणजे काय,
चुकायला आधी कुठंतरी जायचं असावं लागतं.
बोळ संपला तिथं कोणाच्या तरी दारात
पायरीवर बसून एक मुलगा
पाढे म्हणत होता, तेराचे,
आणि तेरा साते शहाण्णववर अडला होता.
मी एक्क्याण्णव म्हटलं आणि पुढं झाले.
तो आतमध्ये ओरडून सांगत होता, कोणीतरी बाई होती.
कोणीतरी बाई.
बराच वेळ मला ते पुरलं.

मिरकरवाड्यात बर्फाच्या लाद्या घसरत होत्या,
वासानं माशांना आणि मांजरांना सारखंच वेड लागलेलं.
बोटींची नावं वाचत गेले:
रहमत, एकवीराप्रसाद, हाजरा,
आणि एक बिननावाची, ओल्या निळ्या रंगाची.
तिचं मी ठेवलं.
सांगणार नाही.

जाळं सांधणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणाकडं आलात?"
त्याला सगळे शब्बीरचाचा म्हणत होते.
"कोणाकडंच नाही."
त्यानं सुई थांबवली. जरा विचार केला.
मग दोरखंडाचं वेटोळं सरकवून म्हणाला,
"मग बसा की."
बसले. अर्धा तास तो बोलला नाही, मीही नाही.
त्याच्या बोटांखाली भोकं लहान होत गेली.
उठताना त्यानं मान हलवली,
जशी रोज येणाऱ्याला हलवतात.

मांडवीला वाळू काळी.
ती मला आधीपासून ठाऊक होती,
पण ठाऊक असणं वेगळं आणि तळपायाला तापणं वेगळं.
समुद्र आमच्या गावालाही आहे,
फक्त तिथं तो घरामागं असतो,
कामाच्या आड येणाऱ्या पोरासारखा.
इथं मी त्याच्याकडं पाहुणी म्हणून बघितलं.
तो काही विशेष करत नव्हता.

चारला साहेब आले. सही झाली. शिक्का बसला.
कागद हातात घेतला तर
कुंदा पाष्टेची कुंदा पाटे झालेली.
साहेब चष्म्यावरून म्हणाले,
"थांबा दहा मिनिटं, आत्ताच करून देतो."
दहा मिनिटं.
मी दाराबाहेरच्या उन्हाकडं बघितलं,
अजून भट्टीच्या पलीकडची आळी राहिली होती,
दीपस्तंभ तर अख्खा राहिला होता.
"असू दे साहेब," मी म्हटलं,
"तुम्हाला कशाला त्रास. पुढल्या मंगळवारी येते."

साडेपाचची गाडी, अर्धं तिकीट, खिडकी.
फाट्यावर उतरले तर गडग्यामागून आलंच,
"झालं गो काम?"
"कसलं होतंय. नाव चुकवलंन मेल्यानं.
आता आणखी एक हेलपाटा."

सुस्कारा बरा जमला.