शिरोलीची वाळू

दस्तगीर मिस्त्री वाळू मुठीत आवळतात,
उघडतात. बोटांचे ठसे जागच्या जागी.
"धरली बघ. मीटर मागनं लाव."

थोकोझानीनं वही मिटली,
मूठभर वाळू उचलली, नाकाशी नेली.

"ह्ये काय गं?"
मोडक्या मराठीत म्हणाली,
"आई माती अशीच हुंगते. मडकी करते,
झोंबाजवळ, मलावीत."

चाळीस वर्षांत वाळू मिस्त्रींच्या कानात गेली,
भाकरीत आली,
हुंगायची राहिली होती.
हुंगली.
"जळकट हाय की! जुनी लई पडली."

संध्याकाळी साचा फोडला.
पंपाचं कवच. कडेला जरा खरबरीत, पण अख्खं.

तिनं ओलाव्याच्या आकड्यांशेजारी
नवा रकाना आखला: वास.
एकक?
गावी भट्टी पेटली की ठरवू.