घटती शिल्लक

पतसंस्थेत दर मार्चला घसारा मीच लिहितो.
खुर्च्या, तिजोरी, नोटा मोजायचं मशीन,
दहा टक्के, पंधरा टक्के.
हात थांबत नाही.

आज फोर्ट रोडला दस्तगीर माझ्या गाडीभोवती फिरालाय
आणि घाम मला.

टाकीवर टकटक, कलिंगड बघावं तशी.
"एकदा पडलीय ही."
पडली होती. जांबोटीच्या वळणावर, शेणावरून घसरून.
मागं मालू, मांडीवर काजूची पिशवी.
तासभर काजूच वेचत होतो आम्ही,
गुडघ्याचं रक्त घरी आल्यावर दिसलं.
"पाचशे कमी करा."

"मीटर कवापासनं बंद हाय?"
एकसष्ट हजार चारशे आठ.
त्यापुढचं कुठंच नाही:
नंदगडचा बाजार, हलशी,
थोरलीच्या वेळी रात्री अडीचला सिव्हिल,
चंदगडला मेहुण्याकडं, काही काम नसताना.
नोंदच नाही त्याला घसारा कसा लावतात,
ऑडिटरला विचारायचं राहिलं.

कोल्हापूरचा एकजण फोनवर जास्त देत होता.
मग नंबर विचारला. केए बावीस.
"एनओसी, टॅक्स, हेलपाटे. तीन हजार कापा."
जन्मापासून ऐकत आलेल्या भांडणाचा
कुणीतरी पहिल्यांदा आकडा सांगितला.

शेवटी हुक्केरीचा बसलिंग. दूध घालतो, मागं दोन कॅन बसतील का बघितलं.
दस्तगीरला म्हणाला, "एष्टु?"
मला मात्र मराठीत, हळू:
"काका, वाटेत कधी सोडलीय काय हिनं?"
"एकदाच. तेबी घराजवळ."

साडेअकरा हजार.

परतीच्या सिटी बसमध्ये तिकिटाच्या मागं हिशेब मांडला.
घेतली सेहेचाळीस हजार आठशेला,
सोळा वर्षं, उरलेल्यातून दरसाल पंधरा टक्के.
या पद्धतीत शून्य कधी येतच नाही.
शेवटी कुणीतरी कंटाळून एक रुपया लिहितो
आणि मोडकी खुर्ची वहीत बसून राहते.
गाडीचे निघाले तीन हजार चारशे पंच्याहत्तर.
म्हणजे विक्रीवर नफा: आठ हजार पंचवीस.

घरी तेच सांगितलं, नफा झाला.
मालू दोरीवरचं रेक्झिनचं कव्हर काढत होती,
आरशांच्या जागी दोन फुगवटे तसेच.
"बरं झालं," म्हणाली.
मग ते हातात धरून उभी राहिली,
"आता हे कशावर घालू?"