झालं ते

बाळगोंडा मामा बरण्यांची झाकणं उघडायचा
तेव्हा अख्ख्या प्राणिशास्त्र विभागाच्या डोळ्यांत पाणी यायचं.
फॉर्मॅलिन.
त्याला मात्र काही नाही.
"माझं नाक आता त्येच्याच जातीचं झालंय," म्हणायचा
आणि तंबाखूची चंची परत कंबरेला खोचायचा.

दर पाच-सहा वर्षांनी चिठ्ठीवरची शाई उडते.
मग मामा जुनी चिठ्ठी समोर ठेवून नवी लिहितो:
बेडूक, नर, राधानगरी, अमुक साल.
खाली ते लांबलचक लॅटिन नाव,
जे त्याला वाचता येत नाही, नुसतं चितारता येतं.
एकतीस वर्षांत सहा वेळा.
इंगवले मॅडमनी एकदा भिंग लावून पाहिलं
तर नावातली तीन अक्षरं दुसरीच,
एक गळलेलं, एक कुठूनसं वाढलेलं.
"मामा, हे कुणी केलं?"
मामा बरणी पुसत राहिला.
"केलं कुणीच न्हाई ओ बाई. झालं त्ये."

त्या तासाचं मला बाकी काहीच आठवत नाही.

पुण्यात वसतिगृहावर पहिल्या रात्री
आलो, जेवलो, आता झोपतो म्हणालो
तर खोलीतल्या तिघी उशीत तोंड खुपसून हसल्या.
"अगं, तू मुलगी ना?"
व्हय की.
आमच्या उत्तरेश्वर पेठेत आई म्हणते मी जातो,
आत्या म्हणते मी येतो,
कट्ट्यावर म्हशीची धार काढून गिऱ्हाइकाच्या हातात
फेसाळ पेला देणारी शेवंता म्हणते मी दमलो,
आणि तिच्या बाईपणाबद्दल शंका घ्यायची
अजून कुणाची छाती झालेली नाही.
महिन्याभरात मी आले, जेवले, झोपते.
सुट्टीला परतताना घुणकीजवळ वारणेचा पूल लागला
की जीभ आपोआप वळायची.
एक नदी, एक टोलनाका,
क्रियापदाचं शेपूट वेगळं.

श्रावणात दाजीपूरच्या रानात
रेकॉर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसलो.
सड्याच्या अलीकडचा बेडूक म्हणतो
टिक् टिक् टिक्, जरा थांबून टर्र.
सड्याच्या पलीकडे, कोकणाच्या उतारावर,
तेवढाच अंगठ्याएवढा, तसाच पिवळट पोटाचा,
नुसतं टिक् टिक्.
टर्र नाहीच.
मधे उघडा कातळ, आठ महिने तापलेला,
उरलेल्या चारांत नुसता वारा.
पानाखाली संसार करणाऱ्या जिवाला
तिकडे जायचं कारण तरी काय?
हे किती हजार वर्षं चाललं, कुणी मोजलं नाही.
पलीकडचा आवाज अलीकडच्या माद्यांना ऐकवला.
एकही हलली नाही.
एक तर चक्क पाठ फिरवून
किडा खायला निघून गेली.

हसली असेल का ती?

बरणीतला बेडूक काही बोलत नाही.
चिठ्ठीवर नुसतं राधानगरी;
अलीकडचा की पलीकडचा, ते नाही.
मॅडम म्हणाल्या, दोन निघाले तर दुसऱ्याला नाव लागेल.
मग भिंग खाली ठेवून, बऱ्याच वेळानं:
"मामांनी चितारलेलं ते चुकीचं नाव आहे ना,
जगात अजून कुठल्याच प्राण्याचं नाही ते.
रिकामं आहे."

मामा आता निवृत्त होऊन शिरोळकडे मळीच्या रानात वांगी करतो.
त्याला पुण्याहून फोन लावला.
"मामा, पलीकडचा वेगळाच निघाला."
"कवापास्नं?"
सांगता येत नाही, मामा.
अमक्या दिवशी वेगळा झाला असं नसतंच,
प्रत्येक पोर आपल्या आईच्याच जातीचं असतं.
पलीकडे बराच वेळ मोटारीचा आवाज.
"आनि तरी वेगळा?"
"तरी वेगळा."
"बघ, बाई वरडत हुत्या उगंच माझ्यावर."

खोलीतल्या तिघी कान देऊन ऐकत होत्या.
ठेवते म्हणणार होते.
ठेवतो म्हणालो.