कस

चोर्ल्याचा घाट उतरलो तेव्हा पाणी संपलं होतं,
बाटलीतलं आणि रेडिएटरमधलंही.
साखळीत एका गॅरेजच्या नळाखाली दोन्ही भरून घेतली.
पुढे डिचोलीकडे मुलूखच तांबडा:
झाडं तांबडी, छपरं तांबडी,
रस्त्यात पसरलेलं कुत्रंसुद्धा.
बंद खाणीच्या तोंडाशी ओळीने उभे ट्रक,
टायरांतली हवा कधीचीच गेलेली.

"आपला आटपाडीचा माळ बरा की," शालन म्हणाली,
"तिथं निदान बाभळ तरी हिरवी असती."
मी काच खाली घेतली. बोटावर धूळ बसली.
सवयीने चिमटीत चोळली.

चाळीस वर्षं हेच तर केलं, तिकडे सेलमला.
सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची,
पायपुसणी, जुने गोणपाट, मोरीतला गाळ,
सगळं जाळायचं, धुवायचं, मुशीत घालायचं,
आणि तळाशी गव्हाएवढा मणी दिसला
की शालनला हाक मारायची.
ती पदराने घाम टिपत यायची, वाकून बघायची,
म्हणायची, "एवढाच?"

"ह्यातनं काय निघंल?" आता तिने विचारलं.
"लोखंड."
"मग राहू दे."

पणजीत दिवे लागले होते.
मांडवीत जहाजं उभी, कुठेच न जाणारी,
पाण्यात आपलेच रंग सांडत.
हे खूळ तिचं. बेचाळीस वर्षांत काही मागितलं नाही,
आणि मागितलं ते हे:
शेजारणीच्या टीव्हीवर कधीतरी पाहिलेलं गोल चाक
आणि त्यावर उड्या मारणारी गोळी.
पैसे भिशीचे, आठ हजार.
तुमचा एक रुपया नाही ह्यात,
असं निपाणीपासून तीनदा सांगून झालेलं.

धक्क्यावरच्या पोराने माझ्या पायांकडे पाहिलं.
"चप्पल चालत नाही, अंकल. बूट पाहिजेत."
तिच्या चपलांबद्दल कुणी काही बोललं नाही.
सांतान म्हणून पहारेकरी होता, भला माणूस,
त्याने स्वतःचे बूट काढून दिले.
टाच काही आत जाईना.
शालनने जहाज पाहिलं, मग मला पाहिलं.
"मी आलेच," म्हणाली,
कोथिंबीर आणायला निघाल्यासारखी,
आणि निऱ्या उचलून होडीत बसली.

मग मी आणि सांतान.
त्याने अर्धा पाव दिला, मी शेंगाची चटणी काढली.
"डिचोलेंत ट्रक पळयले?" त्याने विचारलं,
"त्यातलो एक म्हजो."
मी रंग विचारला. तो हसायला लागला.

होड्या येत राहिल्या.
एक पोरगा कठड्यावर ओणवा होऊन ओकला.
कुणी फोनवर कुणाला तरी शपथा घालत होतं.
गाण्याचा ठोका पाण्यावरून यायचा,
शब्द मात्र तिकडेच राहायचे.
एवढी रात्र तिच्यावाचून मी बसलो नव्हतो कधी,
भट्टी पेटलेली असली तरी ती
पलीकडे चिंच निवडत असायची.

अडीचला आली. अंबाडा सुटलेला.
मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
गाडीत बसल्यावर मूठ उघडली:
एक पिवळी चकती, प्लॅस्टिकची.
"वटवली नाही. तुम्हाला दाखवायला आणली."

कसोटी अजून माझ्या खिशात असते,
दुकान पोराच्या हाती देऊन तीन वर्षं झाली तरी.
खांबाखाली गाडी घेतली आणि चकती दगडावर घासली.
काळ्यावर काहीच उमटलं नाही.
तिने वाकून बघितलं, नीट, चष्मा वर करून.

"चारदा आलं होतं माझं," ती म्हणाली,
"चारदा पुन्हा लावलं.
ते चाक फिरवणारं पोरगं विचारत होतं, आजी, पाणी देऊ का."

पूल मागे पडला. पुढच्या काचेवर अजून
डिचोलीची धूळ, वायपरने दोन कमानी काढलेल्या.
मला वाटलं झोपली.
तर डोळे न उघडता म्हणाली,
"एवढे मोठे पाय कशाला हो तुमचे?"