एकशे चौदा, एकशे पंधरा

कारेल नावाचा पोरगा दर महिन्याला येतो,
आन्नेलिनच्या या नवव्या मजल्यावर, लिफ्ट बंद असली तरी.
बूट दाराबाहेर. मोजे नेहमी ओले.
टेबलावर साठ पाकिटं मोजून ठेवतो,
तीस हेल्यूची, तीस माझी.
एकशे चौदा, एकशे पंधरा.
पांढरी पूड, सकाळी केफिरमध्ये ढवळून घ्यायची.

एकीच्या पाकिटात मेंदूचं औषध.
"औषध नाही, पूरक," तो दुरुस्त करतो.
दुसरीच्यात नुसतं पीठ.
कुणाचं कुठलं, त्यालाही ठाऊक नाही म्हणे,
तार्तूतल्याच कुठल्याशा कपाटात
ते उत्तर कुलूपबंद आहे.
जुळ्याच हव्या होत्या त्यांना,
एकाच मापाच्या, एकोणऐंशी वर्षं वापरलेल्या.

मला खात्री होती, खरी पूड माझीच.
शेजारणीच्या मांजराचं नाव मला आठवलं,
हेल्यूला नाही.
शिवाय तिनं किटली दोनदा कोरडी जाळली.
म्हणून रात्री ती घोरायला लागली की
मी माझं पाकीट तिच्या बशीत ठेवायचे,
तिचं माझ्या.
चोरी कसली? आईच्या पोटात
तिच्या वाट्याचं मीच खाल्लं होतं,
जन्मले ती पाऊण किलोनं जड.

नोव्हेंबरात एकदा
चष्मा घालून नाश्त्याला बसले.
माझ्या बशीत माझाच नंबर.
दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, माझाच.
मग एका पहाटे जागी राहिले,
तर ही बया अंधारात, अनवाणी,
पाकिटांची अदलाबदल करतेय.
किटली विसरणारी, मांजर विसरणारी,
हे मात्र एकदाही विसरली नव्हती.

लहानपणी माशाच्या तेलाचा चमचा
आम्ही असाच एकमेकींकडे ढकलायचो,
आई पाठमोरी झाली की.
तेव्हा शिसारीनं.

मी काही बोलले नाही.
रात्री मी बदलत राहिले, पहाटे ती.

मार्चमध्ये कारेलनं कागद वाचून दाखवला:
एकशे चौदा आणि एकशे पंधरा,
दोघींत लक्षणीय फरक आढळला नाही.
मला हसू फुटलं, मग तिलाही,
टेबल हललं, केफिर सांडलं,
पोरगा बिचारा बघतच राहिला.

डोळे पुसत हेल्यूनं विचारलं,
"आपण कशाला हसतोय गं?"

मी सांगितलं.
ती हसली, नव्यानं, पोट धरून.
मग पुन्हा विचारलं.