सहा पदर साल

एप्रिलात बर्फ फुटलं, आणि नामसेन जाताना
आमचं होडीघर घेऊन गेली.
दार तेवढं तीन मैल खाली वाळूत सापडलं,
कडी लावलेलं.

होडी वाचली. ती त्या हिवाळ्यात
गुडवाइगच्या गोठ्यात होती, गायींच्या उबेला,
भाड्यापोटी चार खारवलेले सामन.

बाबा म्हणाले, पुन्हा बांधू.
म्हणजे आम्ही बांधायचं. ते खुर्चीत,
गुडघ्यांवर घोंगडी, हातात काठी,
काठीने हवेतच वासे बसवत:
भिंतीच्या फळ्यांत बोटभर फट ठेवा,
होडीला वारा लागतो.
छपरात मात्र केस शिरता कामा नये.

ओड्लाइव बारा वर्षं जहाजांवर काढून आलेला.
पत्रा टाकू, म्हणाला, दोन दिवसांत मोकळे.
बाबा बराच वेळ नदीकडे बघत राहिले.
पत्रा फार बोलतो.
त्या रात्री पाऊस होता, जुन्यावर पत्राच होता,
बर्फ कण्हत होतं ते
कुणाला ऐकू आलं?

मग जूनअखेर, रात्र नुसती टेकून उठते
त्या दिवसांत, भूर्जाची साल सुटते.
सुरी उभी ओढायची, हलकी,
आतल्या कातडीला न दुखावता.
हात बसला तर झाड
अंगरखा उतरवावा तशी देतं साल,
आणि जगतं.
माझा हात तिसऱ्या दिवशी बसला.
पहिली दोन झाडं अजून माझ्या नावावर आहेत.

उतरली की साल वळते,
बुंधा शोधत स्वतःभोवती गुंडाळून घेते.
तिला दगडाखाली तीन आठवडे
सपाट असणं शिकवावं लागतं.

आढ्याचं पाणी वळचणीला जातं
हे सगळ्यांनाच ठाऊक, बाबा म्हणायचे,
मधल्या वाटेत त्याला काय काय सुचतं ते बघा.
म्हणून सहा पदर, खालून वर,
प्रत्येक पदराने खालच्याचा सांधा झाकायचा.
खिळा एकही नाही. वजन मातीचं:
हराळीची पहिली ढेप गवत खाली करून,
दुसरी गवत वर,
म्हणजे मुळं अंधारात एकमेकांना भेटतात
आणि सोडत नाहीत.
कडेला स्प्रूसचा ओंडका, जुनिपरच्या आकड्यांनी अडवलेला.

उत्तरेच्या कोपऱ्यात साल संपली.
ओड्लाइव शिडीवरून म्हणाला, चार पुरेत इथे.
त्याचं जहाज गुरुवारी होतं.
मी ढेप ठेवली. पायाने दाबली.
वर गवत आलं की काय दिसतं.

सप्टेंबरात नऊ दिवस लागून राहिला पाऊस.
सहाव्या रात्री मी होडीघरात जाऊन निजले,
होडीतच, मेंढीच्या कातड्यावर.
छप्पर गप्प होतं.
वर एवढं कोसळत असताना आत
फक्त नदी, दगडांवरून चालताना
पावलं मोजणारी.
आणि पहाटेकडे, उत्तरेच्या कोपऱ्यात,
टप्.
बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

सकाळी बाबांनी विचारलं, गळतं?
मी म्हटलं, नाही.
त्यांनी ब्रेडवर लोणी लावलं, कडेपर्यंत, नीट.
चार घातलेत तिथे, म्हणाले. मी मोजत होतो.

मग का नाही बोललात?

गुरुवार होता ना, म्हणाले.
आणि होडीचा नाळेकडचा भाग त्याच्याखाली घे.
फार कोरडी पडली की तिचे सांधे उघडतात.

मी होडी हातभर सरकवली.
साल आता पुढच्या जूनलाच सुटेल.
ओड्लाइवला पत्र लिहिलं, त्यात हवा लिहिली,
गुडवाइगची गाय व्याली ते लिहिलं,
छपरावर पिवळी फुलं आलीत, तेही.
कोपऱ्याचं लिहिलं नाही.
तो सुट्टीला येईल तेव्हा
सुरीला धार लावून ठेवीन.