जागल

या आठवड्यात थ्री फेजची लाईन रात्री बाराची.
हरभऱ्याला दुसरं पाणी.
हर्षदीप माळ्यावर घोंगडीत गुरफटून झोपलाय
आणि फोन माझ्याकडे,
कारण रेंज फक्त विहिरीच्या थारोळ्यावर येते,
तीही उत्तरेकडे तोंड करून बसलं तर.

खेळात मी 'हर्ष_किंग_२९'.
नाव भावाचं, नेम माझा.
माइक कायम बंद.
टोळीत एक आर्णीचा,
दुसरा भैंसदेहीचा, हिंदीत शिव्या देतो,
तिसरा गाव सांगत नाही,
पण त्याच्या मागून सारख्या मालगाड्या जातात,
म्हणजे बडनेऱ्याकडचा असावा.

"हर्षभाऊ, बोल ना बे, मुका हायेस काय?"
मी बोलत नाही.
पडलेल्याला उचलते, पट्टी बांधते,
माझ्यातल्या गोळ्या देते, पुढे होते.
न बोलणाऱ्याला लोक फार हुशार समजतात.

जेवताना हर्षदीपचं एकच चालू असतं:
तो नवा खेळ, येणार येणार म्हणतात तो.
त्यात अख्खं शहर आहे, समुद्र आहे,
कोणत्याही गाडीचं दार उघडायचं आणि निघायचं.
जाहिरात त्याने इतक्यांदा लावली
की आईलाही पाठ झाली.
"आता थे लाल गाडी पुलावून उडीन,"
ती भाकर थापता थापता सांगते, न बघता.

आपल्या फोनवर तो चालायचा नाही.
मशीन लागतं, टीव्हीला जोडायचं.
अमरावतीत एकाकडे जुनं आहे,
एक बटण अडकतं, तरी अठरा हजार म्हणतो.
कंपासपेटीत चार हजार दोनशे.
खेळाची तारीख पुन्हा पुढे गेली
तेव्हा हर्षदीप खूश झाला:
"बरं झालं. मले टाइम भेटला."

माझ्या पोलीस भरतीचीही तारीख पुढे गेली.
मी काही खूश झाले नाही.
पण आठशे मीटरमधले सहा सेकंद कमी केलेत,
डांबरी रोडवर, पहाटे, कोणी उठायच्या आत.

काल शेवटच्या वर्तुळात आम्ही चौघं उरलो.
समोर एकच टोळी, गवतात दबून.
एवढ्या थंडीत अंगठ्याला घाम.
तेवढ्यात लाईन आली, मोटर घुमली,
आणि धुऱ्याकडे काहीतरी मोडलं.
खेळातलं नव्हतं.

रोही.
पाच. नाही, सात.
हरभऱ्यात माना घालून,
आवतण दिल्यासारखी.

फोन स्वेटरच्या खिशात कोंबला,
हाड! हाऽऽड! हुर्र्र!
तेलाचा डबा बडवत सुटले,
पडद्यावर बोट कुठे लागलं, कळलं नाही.

फोन परत कानाशी आला तेव्हा
तिकडे कोणीच बोलत नव्हतं.
एक मालगाडी गेली, पूर्ण, शेवटच्या डब्यापर्यंत.
मग आर्णीचा, एकदम हळू:
"ताई... किती हायेत?"

"सात."
"डाव्या अंगानं घे. समोरून नको जाऊ,
बुजले का आतच घुसतात."
भैंसदेहीवाला: "दीदी, थाली बजाओ, थाली!"
आणि तिसरा: "आमी कव्हर देतो."
कसं देणार, येड्या, तू तिथे, मी इथे.
पण आवाज मोठा केला मी,
आणि तिघं मिळून फोनमधून असे भुंकले
की नाल्यापलीकडची, गावातली,
खरी कुत्री जागी झाली.

शेवटचं रोही धुऱ्यावर थांबलं.
वळून पाहिलं त्याने, हिशेब केल्यासारखं.
मग उडी मारली.

पडद्यावर आम्ही केव्हाचे मेलो होतो.
दुसरा नंबर.

"मंग हर्षभाऊ कोन?"
"झोपलाय थो."
"अन् नेम कोनाचा?"

मी दांड फोडायला उठले,
पाणी पुढच्या सरीत घातलं.
माइक तसाच राहू दिला.
बराच वेळ तिघं नुसतं पाणी ऐकत होते,
नवीन डाव कोणी लावला नाही.

"मूर्तिजापूर," मालगाडीवाला मधेच म्हणाला,
"फाटकाजवळच घर हाये."
मी बडनेरा धरून चालले होते.